झोपाळ्याच्या कड्या पुन्हा वेल्ड करायच्या नाहीत

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

झोपाळ्याची एकच कडी तुटली, तरी चारही कड्या नव्या करायला टाकल्या आहेत. बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं, राग येईल. वाड्यातल्या कड्या आहेत, मलाही कळतं. पण आईला पुन्हा त्यांच्या भरवशावर बसवायचं माझ्याच्याने होणार नाही.

आई, पोरं एकदम बसली म्हणून कडी तुटली असं म्हणू नकोस. लॅबमध्ये तुटलेलं तोंड आधी न पुसता मायक्रोस्कोपखाली २० पट मोठं करून पाहिलं. एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसतात. तडा थांबत थांबत पुढे सरकल्याच्या त्या खुणा, म्हणजे फटीग, पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकणं. कडीच्या १६ मिलिमीटरच्या सळईत शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग जेमतेम ५ मिलिमीटरचा आहे. वजन जास्त असतं तर हा भाग मोठा निघाला असता. तेव्हा पोरांना बोलू नकोस.

वळ्या सुरू होतात त्या वेल्डिंगच्या कडेला. नव्या घराचं छत उंच म्हणून जोड दिला होता ना, तिथेच. पाणी सोडत तुकडा कापला (तापला तर आतली रचनाच बदलते), बेकलाइटमध्ये बसवला, १२०० नंबरच्या एमरीपर्यंत घासला, डायमंड पेस्टने चकचकीत केला आणि २ टक्के नायटल (आतली रचना दाखवणारं सौम्य आम्ल) लावलं. पोलादात कार्बन ०.४५ टक्के निघाला. असं पोलाद आधी न तापवता वेल्ड केलं, की वेल्डच्या टाक्यालगतची पट्टी झटकन गार होते आणि तिथे मार्टेन्साइट नावाची कडक, ठिसूळ रचना बनते. कडकपणा मोजला तर मूळ सळई २०० विकर्स, ती पट्टी ५२०! ३५०च्या वर गेलं की आम्ही तडा शोधायलाच लागतो. बाबा, टाका वरून सुबक होता, कुणालाच कळलं नसतं. मनाला लावून घेऊ नका.

उरलेल्या तिन्हींना लाल डाय लावून १५ मिनिटं ठेवला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर (तड्यात शिरलेला डाय बाहेर ओढणारी पूड) मारला. दोघींवर टाक्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली. म्हणून चारही बदलायच्या. नव्या कड्या एकसंध सळईच्या, टोकं भट्टीत तापवून वळवलेली, वेल्ड कुठेच नाही. वरच्या हुकात कडी मोकळी फिरेल असंही करून घेतेय. अडकली की प्रत्येक झोक्याला सळई वाकते.

तोवर वेताची आरामखुर्ची आणि पाय ठेवायला स्टूल गुरुवारी येतंय. आई, दुपारी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पाढे म्हणायचे ते त्याच झोपाळ्यावर, तो कुठे जात नाही गं. पाट तोच राहील.

बाबा, तुटलेल्या कडीचा छताकडचा तुकडा पाहिजे. शेजारच्या मुलाकडून काढून घ्या, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. तुटलेल्या तोंडाला बोट लावू नका, पॉलिश पेपर मारू नका, दुसऱ्या तुकड्याला जुळवून तर मुळीच बघू नका, खुणा घासून जातात. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. कड्या बसवायला मी स्वतः येते. आणि बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू