पॉयरोशी माझी दिलजमाई घडवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

ग्रंथपाल बाई,
सप्रेम नमस्कार.

काउंटरवर नवा चेहरा दिसला तेव्हा कळलं, तुम्ही निवृत्त झालात. समोरासमोर आभार मानायचे राहून गेले. खरं सांगायचं तर मीच टाळत होतो, कारण त्याआधी आपली हार कबूल करावी लागली असती.

तुम्हाला आठवत असेल, अगाथा ख्रिस्तीचं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' मी अर्धंच वाचून तुमच्यापुढे ठेवलं होतं. ठेवलं कसलं, जवळजवळ आपटलंच. त्यातला गुप्तहेर हर्क्युल पॉयरो माझ्या डोक्यात गेला होता. अंड्यासारखं डोकं, कडक ताठ मिशा आणि टापटीप इतकी, की कपड्यांवर धुळीचा कण पडला तर ह्याला गोळी लागल्याहून जास्त दुखेल, असं त्याचा मित्र हेस्टिंग्जच म्हणतो. घरात खून झालाय आणि हा गृहस्थ शेकोटीच्या फळीवरच्या वस्तू नीट रांगेत लावत बसलाय! लेखिकेला पानं भरायची असतील, असं मी म्हणालो. तुम्ही शिक्का मारता मारता थांबलात आणि विचारलंत, "तो त्या वस्तू किती वेळा लावतो, मोजलंत का?"

घरी जाऊन मोजलं. दोनदा. (ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) दुसऱ्या वेळी त्याचा हात थरथरत असतो. बरीच पानं उलटल्यावर पॉयरो डोकं शांत करायला पत्त्यांचा बंगला बांधत बसतो. हेस्टिंग्ज त्याच्या स्थिर हाताचं कौतुक करतो आणि सहज म्हणतो, की तुझा हात कापताना मी एकदाच पाहिलाय, त्या फळीपाशी. झालं! पॉयरोच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. सकाळी एकदा सरळ केलेल्या वस्तू पुन्हा सरळ कराव्या लागल्या, म्हणजे मधल्या वेळात त्यांना कुणीतरी हात लावला होता. मी ज्याला पानं भरणं म्हणालो, तोच पुरावा होता. लेखिकेने तो माझ्या नाकासमोर ठेवला होता, आणि मी चिडण्यात इतका गुंग, की दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एका जुन्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने चार नावं लिहून दिलीत. वर ताकीद, की तेहतीस कादंबऱ्या ओळीने वाचायला घेऊ नका, पुन्हा भांडाल. त्यातल्या 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी'च्या शेवटी मी दुसऱ्यांदा तोंडघशी पडलो. तिथे पॉयरो स्वतःच सांगतो, की त्याला इंग्रजी उत्तम येतं. पण मोडकंतोडकं बोललं की इंग्रज ह्या परदेशी माणसाला खुळ्यात काढतात, आणि बेसावध होतात. बढाया मारण्यामागेही तोच हिशेब. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधून निर्वासित म्हणून आलेल्या माणसाने यजमानांच्या तुच्छतेचंच हत्यार केलं, हे मला फार आवडलं. तरी एक शंका आहेच. बढाया सगळ्या नाटकी असत्या तर एकटा असताना तरी तो जरा नम्र दिसला असता, नाही का?

'डेथ ऑन द नाइल' मात्र थेट काळजाला भिडली. आस्वानमध्ये रात्री, अजून काहीच घडलेलं नसताना, तो एका दुखावलेल्या मुलीला कळवळून सांगतो की मनात पापाला थारा देऊ नकोस, अजून वेळ आहे. ती ऐकत नाही. खून उलगडणारे गुप्तहेर पुष्कळ भेटतात. खून होऊ नये म्हणून विनवणी करणारा मला तरी पहिल्यांदाच भेटला.

पण बाई, तुम्ही मला पूर्ण जिंकलंत असं समजू नका. तो चोरून ऐकतो, सर्रास खोटं बोलतो आणि वर सभ्यपणाचा आव आणतो. उत्तर हाती लागलं तरी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवेपर्यंत तोंड उघडत नाही. कधीकधी तेवढ्यात आणखी एक खून पडतो. जुन्या पुस्तकांतले ज्यूंबद्दलचे शेरे वाचताना आजही तोंड कडवट होतं. आणि मी काही एकटा नाही, खुद्द अगाथा ख्रिस्तीच त्याला कंटाळली होती. ॲरिअडनी ऑलिव्हर नावाची लेखिका तिने पुस्तकांतच आणून बसवली. तिचा नायक फिनलंडचा, तिला फिनलंडची माहिती नाही, आणि त्या नायकाचा तिला मनस्वी वैताग! ते वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू.

तुमच्या कार्डावरचं शेवटचं नाव 'कर्टन'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली आणि १९७५ साली बाहेर आलेली पॉयरोची अखेरची कादंबरी. ती येण्याच्या सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली होती, जन्मालाच न आलेल्या माणसाची! ती तीनदा घरी आणली आणि दोनदा न उघडताच परत केली. ह्या वेळी हिंमत करून सुरुवात केली. हेस्टिंग्ज पुन्हा स्टाइल्सला, त्या पहिल्या खुनाच्या घरी, पोचतो. समोर चाकाच्या खुर्चीत पॉयरो, संधिवाताने जखडलेला, वाळून गेलेला. मिशा मात्र अजून काळ्याभोर.

तिथे पुस्तक मिटलं. परत करायची तारीख गेल्या सोमवारीच उलटली. दंड भरतोय.

तुमचा,
एक भांडखोर वाचक