भोक बुजवले नाहीत, त्याबद्दल

आदरणीय तांबटकाका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पौषात एका दुपारी पुण्याच्या तांबट आळीत मी आपल्याकडे एक काळवंडलेली तांब्याची वाटी घेऊन आले होते. तिच्या बुडाशी असलेले भोक डाख लावून बुजवावे, आतून कल्हई करावी आणि जमल्यास बाहेरून मठारून, म्हणजे हातोडीने ठोकून, तिला पुन्हा तेज आणावे, म्हणजे दिवाणखान्यात फुले ठेवायला ती उपयोगी पडेल, अशी माझी विनंती होती. काम जेमतेम अर्ध्या तासाचे होते आणि सांगाल ती मजुरी देण्याची माझी तयारी होती. आपण वाटी हातात घेतलीत, उजेडाकडे धरून तिच्या बुडाकडे बराच वेळ पाहिलेत, करंगळीने आतून चाचपलेत आणि म्हणालात, "ताई, हे भोक पडलेलं नाही, पाडलेलं आहे. हे मी बुजवणार नाही." त्या एका नकारामुळे आमच्या घराला काय परत मिळाले, हे आपल्याला सविस्तर कळावे आणि आपले आभार चार लोकांसमक्ष मानता यावेत, म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

ही वाटी आमच्या वाई तालुक्यातल्या जुन्या घरातून आली. ओंजळीत बसेल एवढी, अर्ध्या नारळासारखी गोल, पत्रा पातळ, काठ किंचित जाड आणि बुडाच्या बरोबर मध्ये गोधडीची सुई जेमतेम जाईल एवढे भोक. देवघराच्या कोनाड्यात ती नेहमी पालथी ठेवलेली असे. आजीच्या हयातीत तिला कोणी हात लावत नसे, आणि आजी गेल्यावर ती कशाची, हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. मग तर्क सुरू झाले. थोरल्या काकांच्या मते ती महादेवाच्या पिंडीवर टांगायची गळती होती, आत्याच्या मते तराजूचे एक पारडे होते, आणि माझ्या आईचा ठाम समज होता की ती तूप गाळण्यासाठी असावी. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तर ती बघताक्षणी "फुटकं भांडं" ठरवून मोडीचा भाव सांगितला होता. तिच्या जोडीचे मोठे घंगाळ आम्ही काही वर्षांपूर्वी खरोखरच मोडीत घातले. त्या दोन वस्तू एकमेकींच्या होत्या, हे आज समजते आणि फार वाईट वाटते.

आपण मात्र प्रत्येक तर्क वस्तूवर बोट ठेवून तपासलात. गळती असती तर साखळी अडकवायला काठाला कान किंवा कड्या असत्या आणि धार सलग पडावी म्हणून भोक याहून मोठे असते. पारडे असते तर भोके बुडाला नसून काठाला, आणि तीही तीन असती. गाळणीला एकच भोक कोण ठेवील, असे आपण विचारलेत. मग भोकाची कड दाखवलीत. झिजून पडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी, कागदासारखी पातळ होते, आणि ही कड सारखी व गोल आहे, म्हणजे कुणीतरी मोजूनमापून, घाई न करता ती केली आहे, हे मी तोपर्यंत शंभरदा पाहूनही मला दिसले नव्हते. त्यानंतर आपण नातवाला पाण्याने भरलेले मोठे पातेले आणायला सांगितलेत आणि वाटी अलगद पाण्यावर सोडलीत.

ते दृश्य मी विसरणार नाही. वाटी तरंगत राहिली, आणि तिच्या बुडातून पाण्याची दोऱ्यासारखी बारीक उसळी आत येऊ लागली. आपण म्हणालात, "ही घटी आहे. लग्नात गुरुजी लावायचे ती. ही बुडते, तेव्हा एक घटका भरते." त्या शब्दासरशी मला आजी आठवली. शेवटच्या वर्षांत बोळक्या तोंडाने ती "माझी घटी नीट ठेवा" असे वारंवार सांगत असे, आणि आम्ही सगळे तिला "हो आजी, वाटी नीट ठेवली आहे" असे म्हणत राहिलो. ती बरोबर नाव सांगत होती आणि आम्ही ते वाटी म्हणून ऐकत होतो. आपल्या दुकानात माझ्या डोळ्यांत पाणी आले ते यामुळे. त्या वेळी मला बोलता आले नाही, म्हणून आता लिहिते.

त्या दिवशी वाटी बुडायला सदतीस मिनिटे लागली. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे, साठ घटकांचा एक अहोरात्र, आणि एका घटकेची साठ पळे, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचे. हा हिशेब मला पाठ होता, त्यामुळे मी निराश झाले. आपण हसून म्हणालात, की भोकात वर्षानुवर्षांचा क्षार आणि मळ बसला आहे, वाटीचा काही दोष नाही. सुई, तार, टाचणी, काहीही त्यात घालायचे नाही, अशी मला ताकीद दिलीत, कारण लहान भोक मोठे करता येते पण मोठे झालेले पुन्हा लहान होत नाही. वाटी चिंचेच्या कोळात भिजवून, मऊ कापडाने पुसून, नुसत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, एवढेच आपण सांगितलेत. कल्हईलाही नकार दिलात आणि त्याचे कारण समजावलेत: कथलाचा थर चढला की वजन वाढते, वजन वाढले की भांडे पाण्यात अधिक खोल बसते, बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढतो, पाणी जोराने आत शिरते आणि घटका वेळेआधी भरते, शिवाय तोच कथील भोकात उतरला तर घटका कधीच भरणार नाही. मठारकामाने आकार बदलला तरी तेच. म्हणजे मी जी तीन कामे घेऊन आले होते, त्यांपैकी कोणतेही एक केले असते तरी या वस्तूचे घटीपण संपले असते. आपण तिन्ही कामे नाकारलीत, दोन तास खर्च केलेत आणि मजुरी विचारल्यावर हात जोडलेत.

घरी आठ दिवस मी आपण सांगितल्याप्रमाणे केले. मग एका रविवारी सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमलो, गाळलेल्या पाण्याने मोठे पातेले भरले आणि माझ्या भाचीने मोबाइलवर वेळ लावली. सुरुवातीला वाटी पाण्यावर हलकेच फिरत होती. पंधरा-सोळा मिनिटांनी ती स्थिर झाली, काठ पाण्याच्या जवळ येऊ लागला, आणि अखेरीस पाण्याची नुसती एक चकचकीत रेघ काठाभोवती उरली. ती रेघ एका बाजूने तुटली, वाटी तिरपी झाली आणि "बुडुक्" असा आवाज करून खाली गेली. लगेच पातेल्याच्या तळावर ती "टण्" अशी वाजली. चोवीस मिनिटे आणि वीस सेकंद झाले होते. आम्ही लगेच दुसऱ्यांदा लावली, तेव्हा चोवीस मिनिटे पाच सेकंद लागले. तिसऱ्यांदा मुद्दाम माठातले गार पाणी घेतले, तर ती चोवीस मिनिटे पन्नास सेकंदांनी बुडाली, कारण गार पाणी थोडे घट्टपणाने वाहते. माझ्या आईने, जी इतकी वर्षे तुपाच्या गाळणीवर ठाम होती, उठून वाटीला हळदकुंकू वाहिले. सव्वाशे वर्षांपेक्षा जुने असलेले, हाताने घडवलेले भांडे आजच्या मोबाइलशी इतके जुळावे, याचे श्रेय ज्या अनाम कारागिराचे आहे, तो आपल्याच धंद्यातला कुणीतरी पूर्वज असणार, असे मला राहून राहून वाटले.

आपण सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला पुढे पोथीचा आधारही मिळाला, आणि तो आपल्याला कळवायला मला विशेष आनंद होतो. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात या यंत्राला कपालक म्हटले आहे आणि त्याचे वर्णन एका श्लोकात आटोपले आहे: तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र कुंडातल्या निर्मळ पाण्यावर ठेवावे, ते अहोरात्रात साठ वेळा बुडते. यातला "निर्मळ पाणी" हा शब्द मी पूर्वी वाचला असता तर केवळ शोभेचा समजले असते. सदतीस मिनिटांची ती पहिली घटका पाहिल्यानंतर तो शब्द तिथे का आहे, हे कुणी सांगावे लागत नाही. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात तर मापेच दिली आहेत. सहा पळे वजनाचे पात्र घ्यावे आणि चार मासे सोन्याची चार अंगुळे लांब सळई करून तिने छिद्र पाडावे, असे तिथे सांगितले आहे. (इथले पळ हे वजनाचे माप आहे, वेळेचे नव्हे; मासा हेही सोने तोलायचे जुने वजन.) सोनेच का, याचा मी बराच विचार केला. वजन ठरलेले आणि लांबी ठरलेली, की सळईची जाडी आपोआप ठरते. ज्या काळी केसाएवढी जाडी मोजायचे साधन कुणाच्या हाती नव्हते, त्या काळी गावोगावच्या कारागिराला सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्याच जाडीची सळई मिळवता येत होती. आपल्याला हे सांगितले, तेव्हा फोनवर आपण क्षणभर गप्प राहिलात आणि मग म्हणालात, "पण शेवटी पाण्यात बसवूनच बघावं लागत असणार." मला वाटते, तेही तितकेच खरे आहे.

घरातल्या आठवणीही आता जुळू लागल्या आहेत. माझे पणजोबा गावचे जोशी होते, पंचक्रोशीतल्या लग्नांचे मुहूर्त तेच साधत. सूर्योदयाला घटी पाण्यावर सोडायची, बुडाली की उचलून पुन्हा सोडायची, आणि दर वेळी एक अशी खूण करत इष्ट घटका भरत आणायची. शेवटच्या घटकेची पळे मोजली जात असतानाच मंगलाष्टके चालू असत आणि अंतरपाट दूर करण्याचा क्षण त्यावरून ठरत असे. घटी लावून बसलेल्या माणसाला डुलकी लागून चालत नसे, पण तळावर होणारा तो "टण्" आवाज त्याला सावध करत असणार, हे आता आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. आजी ती वाटी कायम पालथी का ठेवत होती, हेही उमगले. भोकात धूळ बसू नये म्हणून. त्या घरात मुहूर्तासाठी घटी लागणे कधीच बंद झाले होते, तरी ती बाई साठ-पासष्ट वर्षे ते एवढेसे भोक जपत राहिली.

आणि आपण दिवसभर जे बोलतो, त्यात ही घटी किती आहे, याचेही मला नव्याने नवल वाटते. घटकाभर टेका, पळभर थांबा, शुभ घटका आली, शेवटच्या घटका मोजतो आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर काहीच नसते. माझ्या डोळ्यांसमोर आता पाण्यावर फिरणारी ती वाटी येते. घड्याळ हा शब्द या घटीच्याच कुळातला, आणि तास म्हणजे तर मुळात घटका भरल्याचे ठोके देण्याची धातूची थाळी. थाळीचे नाव पुढे वेळेला मिळाले. आजही पंचांगात तिथीपुढे घटी-पळे छापलेली असतात. माझी भाची, जिने ती पूर्वी कधी पाहिलीही नव्हती, ती आता अडीच घटका म्हणजे एक तास हा हिशेब तोंडी करते आणि मला दुरुस्तही करते.

काका, आपल्या आळीत पेशवाईपासून तांब्यावर ठोके पडत आहेत, आणि ते ठोके कमी होत चालले आहेत, हे आपणच मला सांगितले होते. आलेले गिऱ्हाईक परतवणे अशा दिवसांत सोपे नसते, याची मला जाणीव आहे. आपण मला परतवले, आणि वर दोन तास बसवून शिकवलेत. एखाद्या संग्रहालयात काचेमागे मी ही घटी पाहिली असती तर दोन ओळींची पाटी वाचून पुढे गेले असते. आपण मला ती बुडताना दाखवलीत. त्याबद्दल मी, माझी आई, आणि आमच्या घरातले सगळे आपले मनापासून ऋणी आहोत.

आता एक विनंती आहे आणि ही मात्र आपण नाकारू नये. येत्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचे लग्न आहे. मुहूर्त घड्याळावरच साधला जाईल, पण त्या दिवशी सूर्योदयापासून घटी लावायची, असे तिने स्वतः ठरवले आहे आणि आमच्या गुरुजींनीही आनंदाने मान्य केले आहे. त्यासाठी मोडीत गेलेल्या घंगाळाच्या जागी आम्हांला आपल्या हातचे नवे तांब्याचे घंगाळ हवे आहे. तोंड दीड हात रुंद असावे, खोली एक वीत असावी, म्हणजे घटी कुठेही काठाला न लागता फिरेल, आणि तळ सपाट व मोकळा ठेवावा, म्हणजे आवाज स्पष्ट येईल. मठारकाम आपल्याला योग्य वाटेल तसे करावे. मजुरी आपण सांगाल ती, आणि या वेळी ती घ्यावीच लागेल. घंगाळाच्या बुडाला सालासह आपले नाव ठोकावे. घटी कोणी घडवली, हे आम्हांला कधीच कळणार नाही. घंगाळ कोणी घडवले, हे भाचीच्या नातवंडांना वाचता यावे.

आपली कृतज्ञ,
वाटी बुजवायला घेऊन आलेली ताई