मथळ्यांतला 'धडाम'

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे मराठी मथळ्यांत 'धडाम' हा शब्द फार बोकाळला आहे. शेअर बाजार धडाम, सोन्याचा भाव धडाम, आघाडीची फळी धडाम. आपला अंक मी रोज वाचतो, त्यातही तो दिसतो, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. हिंदी वाहिन्यांच्या पट्ट्यांवरून तो आपल्याकडे उतरला. बाहेरून आलेल्या शब्दांशी माझे वैर नाही. 'फ्यूज उडाला' असेच मीही म्हणतो आणि 'टाय टाय फिस्स'ही हिंदीतूनच येऊन आपल्या तोंडी रुळले आहे. पण या एका 'धडाम'पुढे मराठीतले कितीतरी नेमके आवाज मागे पडू लागले आहेत, आणि ते मला बघवत नाही.

एखादी गोष्ट बिघडली कशी, हे मराठीत आवाजच सांगतो. चोर्ला घाट चढताना टायर 'फाट' करून फुटतो. रात्री अंगणात ठेवलेल्या गाडीचा टायर सकाळी 'फुस्स' झालेला असतो. पहिल्यात दाबलेली हवा एका क्षणात सुटली, दुसऱ्यात बारीक छिद्रातून रात्रभर निसटत राहिली. हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. 'फाट्' म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि आवाज तिथेच तुटतो, तर 'फुस्स'मधला वारा दातांमधून सुटतच राहतो. स्वर लांबवला की वजनही वाढते. बल्ब 'फटकन' जातो, टायर 'फाटकन' जातो. 1831 साली निघालेला आणि 1857 साली वाढवलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला, तर 'फटकन'च्या जोडीने 'फटकर', 'फटदिनी', 'फटदिशी' अशी रूपे मांडलेली सापडतात. एका आवाजाची इतकी रूपे त्याने नोंदवली, कारण लोक ती बोलत होते.

'फुस्स'चा खरा अर्थ मात्र आपल्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे कळतो. गावातली पोरे रात्र-रात्र जागून नरकासुर उभा करतात, पोटात गवत आणि फटाके भरतात. दिवाळीच्या तोंडावर पाऊस येऊन गेला असेल, तर वात पेटते आणि माळ नुसती फुसफुसत विझते. फटाक्याची दारू कोरडी असली तर ती एकदम जळते आणि कोंडलेला वायू कागद फाडून बाहेर पडतो. दमट दारू रेंगाळत जळते, वायू फटीतून निघून जातो. ठासणीच्या बंदुकीचा बार फुसका निघतो तोही दारू सर्दावली म्हणूनच. पुढे हाच 'फुसका बार' न पाळलेल्या घोषणांना आणि न झालेल्या मोर्च्यांना चिकटला.

आपल्या भाषेचा कल यात दिसतो. मोठा आवाज झाला तर मराठी माणसाच्या लेखी काम फत्ते झालेले असते. लग्नाचा बार उडतो, उत्सव धूमधडाक्यात होतो, काम धडाक्यात सुरू होते, नाटक दणक्यात रंगते. फजिती होते ती आवाज न झाल्याची, म्हणून 'फुस्स', 'फुसका', 'फुसकुली'. उलट अमेरिकनांनी पडलेल्या नाटकाला 'बॉम्ब' म्हटले. 1873 साली व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला, त्याला जर्मन लोक 'क्राख' म्हणू लागले, आणि तोही कडाडण्याचाच आवाज. यंत्र किंवा बेत अचानक बंद पडला की इंग्रजीत 'गो फट्' म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या लिखाणात हा प्रयोग आढळतो आणि इंग्रजी कोश त्याचा संबंध हिंदी-उर्दू 'फटना'शी जोडतात. आपल्या बाजूचा आवाज इंग्रजांनी तिकडे नेऊन जपला! (कोकणीत 'फट' म्हणजे खोटे. त्याचा या आवाजाशी संबंध आहे का, हे एखाद्या अभ्यासकाने आपल्या अंकात लिहिले तर मी आवडीने वाचेन.)

'धडाम'वर माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. कोणी केळीच्या सालीवरून घसरून पडल्यावर मुले हसत हसत काढतात तसा तो आवाज आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी 2012 मध्येही त्या बंद पडल्या होत्याच. त्या काळाबद्दल आमच्या साखळी-डिचोलीकडे 'धंदा धाडकन बसला' असे म्हटले जाते. 'धाडकन'मध्ये पडण्याचे वजन आहे आणि 'बसला'मध्ये पुन्हा न उठण्याची भीती. कर्जाचा ट्रक दारात उभा करून हप्त्याची तारीख मोजणाऱ्या माणसाला 'खाणी धडाम' असे वाचायला दिले, तर त्याला आपली थट्टा केल्यासारखेच वाटेल. पतपेढी बुडाली, कारखान्याला टाळे लागले, पीक आडवे झाले, अशा बातम्यांनाही हेच लागू आहे.

मथळ्याला जागा कमी असते, याची मला कल्पना आहे. पण 'धाडकन'ला 'धडाम'पेक्षा जागा अशी किती जास्त लागते? आणि 'फुस्स' तर त्याहून आखूड.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या वार्ता संपादकांनी कोसळणे, फुटणे आणि विझणे यांसाठी वेगवेगळे शब्द वापरावेत. आणि रविवारच्या पुरवणीत थोडी जागा राखून पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण अशा तालुक्यांतल्या वाचकांकडून त्यांच्या घरी बोलले जाणारे असे शब्द मागवावेत. जुन्या पिढीच्या तोंडी ते अजून आहेत. साखळीच्या आसपासचे शब्द जमवून पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक नियमित वाचक, साखळी