काका, बाबांच्या हातात टॉमी (लोखंडी पहार) दिलीत त्याबद्दल

काका, नमस्कार.

त्या दिवशी फोनवर नुसतं "थँक्यू काका" म्हणालो आणि पुढे बोलवेना म्हणून ठेवला, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

माझी 1968 ची शेवरले कॅमॅरो तुमच्या दारात आली तेव्हा तिच्यात बसवत नव्हतं. उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असलं तरी आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी नीट दिसायची नाही, स्टिअरिंग धरून हाताला मुंग्या, हेडरचे (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) बोल्ट सारखे ढिले. मुळात तक्रार एवढीच होती की ॲक्सिलरेटर दाबला की खाडकन आवाज यायचा नि इंजिनचा फॅन भोवतीच्या कव्हरला, श्राउडला, घासायचा. आधी ज्या शॉपमध्ये नेली तिथे पाच मिनिटांत निकाल लागला, असल्या दणकट इंजिनच्या मसल कारला रबराची माउंट (इंजिन ज्यांवर बसतं ते आधार) चालतच नाहीत, सॉलिड लोखंडीच पाहिजेत, आणि इंजिनला दोन्ही बाजूंनी सॉलिड, वर गिअरबॉक्सलाही सॉलिड ठोकून दिलं. थरथरतंय म्हणून परत गेलो तर म्हणे या गाड्या अशाच असतात. बाबा कोल्हापूरहून आले होते, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेलाय त्यांचा, ते मला दोनदा म्हणाले, "अरे त्याला विचार, जुनं फाउंडेशन काढल्यावर बघितलं का?" माउंटला ते फाउंडेशन म्हणतात. मी इंग्रजीत विचारलं, तर त्या माणसाने बाबांकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पैसे गेले त्याचं काही नाही काका, पण ते अजून खुपतं.

आणि तुम्ही. इतकी वर्षं डेट्रॉइटमध्ये गाड्यांच्या आवाजावर आणि थरथरीवरच काम केलेला माणूस, गाडीखाली वाकायच्या आधी विचारलंत, जुनी माउंट आहेत का? डिकीत होती. डावीकडचं तुम्ही व्हाइसमध्ये धरलंत, मला वाटलं आता स्वतः बघणार, तर भिंतीवरची टॉमी काढून बाबांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बघा तुम्ही, तुमच्या हाताला माझ्यापेक्षा लवकर कळेल."

बाबांनी टॉमी घातली, जरा जोर दिला, आणि बाहेरून धडधाकट दिसणारं रबर प्लेटपासून तोंड उघडल्यासारखं सुटलं. "तुटलंय," एवढंच बोलले. पण त्यांचा चेहरा मी बघत होतो. इथे आल्यापासून दीड महिना ते नुसते पाहुणे होते, माझ्यामागून दुकानात यायचे, कोपऱ्यात उभे राहायचे. त्या क्षणी ते परत वर्कशॉपमधले झाले. तुम्ही ते ओळखून केलंत का सहज केलंत मला माहीत नाही, विचारायचं धाडसही नाही.

मग तुम्ही दोघं मला विसरूनच गेलात, तेही बरंच झालं, कारण ऐकत बसलो नि मला पहिल्यांदा कळलं. की इंजिन जोर लावतं तेव्हा उलट्या बाजूने पिळलं जातं, ड्रायव्हरकडची डावी बाजू वर उचलते, म्हणून ताण डाव्या माउंटवर आणि आधी तेच फाटतं. की हे शेवरलेचं जुनंच दुखणं, डिसेंबर 1971 मध्ये शेवरले बनवणाऱ्या जीएमला (जनरल मोटर्सला) जवळपास 67 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, पहिल्या कॅमॅरोही त्यात होत्या, माउंट तुटून इंजिन उचललं की थ्रॉटल ओढला जाऊन गाडी आपोआप वेग घ्यायची, आणि उपाय म्हणून इंजिन धरून ठेवायला केबल लावून दिली. (हे ऐकल्यावर मुलीला घेऊन मारलेल्या चकरा आठवून माझ्या पोटात खड्डा पडला.) म्हणजे दोष रबराचा नव्हता, तुटलेल्या रबराचा होता, आणि नंतरच्या माउंटमध्ये लोखंडाचे ओठ एकमेकांत अडकवलेले असतात, रबर गेलं तरी इंजिन सुटत नाही.

सॉलिडला तुम्ही नावंही ठेवली नाहीत हो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर, पाव मैल पळवायची असेल तर जरूर घाल म्हणालात, इंजिन जागचं हलत नाही, पण तेव्हाही गिअरबॉक्सखाली रबर राहू दे, नाहीतर चासी पिळते आणि ताण गिअरबॉक्सच्या केसिंगच्या कानावर येऊन ते तडकतं. पॉलियुरेथेनचं मी विचारलं, तर म्हणालात मधला मार्ग आहे, थोडी थरथर येणार, "पण तुझ्या शेजारी कोण बसणार ते सांग आधी." मी बाबांकडे पाहिलं. रबर ठरलं, इंटरलॉकवालं.

शेवटचा बोल्टही तुम्ही बाबांनाच आवळायला दिलात.

एवढं शिकलेला माणूस समोरच्याच्या हातातलं ज्ञान ओळखतो आणि त्याला जागा करून देतो, हे फार कमी बघितलंय मी, इथेही आणि तिकडेही. माणसाला मान द्यायला किती वेळ लागतो हो, एक टॉमी पुढे करण्याएवढा. आमच्या एस.टी.तल्या माणसांना तो फार कुणी दिला नाही.

बाबा कोल्हापूरला पोचले. ते तुटलेलं माउंट त्यांनी धोतराच्या पानात गुंडाळून बॅगेतून नेलंय, शेजारच्यांना दाखवतात, तुमचं नाव घेऊन. काल फोनवर आधी नातीचं विचारलं आणि मग, "फाउंडेशन कसं आहे?"

चांगलं आहे. आरशात मागचं सगळं दिसतं आता. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची फेरी, आहे, तुम्हाला न्यायला येतोय काका, पुढची सीट तुमची.

तुमचाच,
कॅमॅरोवाला