काचेपाशी उभ्या राहिलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघडंच लिहितेय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, इजिप्तच्या दालनात, साडीवर स्वेटर घातलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई आठवते का? तीच मी.

एवढ्या अफाट म्युझियमला आमच्या टूरवाल्यांनी पाऊण तास दिला होता. पिवळ्या जास्परचं, म्हणजे एका अतिशय कठीण दगडाचं, राणीचं ते तुटकं तोंड कुठे आहे असं विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, "काकू, इथे अख्खे पुतळे पडलेत, तुटकं काय बघता?" आणि छत्री उंच धरून निघून गेला. पैसे मात्र अख्खे घेतले होते हो!

तुम्ही तिथे पहाऱ्यावर होतात. माझ्या मोबाईलमधला फोटो बघितलात आणि थेट त्या काचेपाशी नेलंत. जेमतेम १३ सेंटिमीटरचा तुकडा. ओठ, हनुवटी, थोडा गाल, मान. वर काहीच नाही. इजिप्तचा राजा अखेनातेन याच्या काळातली, इ.स.पू. १३५३ ते १३३६ च्या सुमाराची कुणी राणी. नेफरतिती, किया की आणखी कोण, छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. निरनिराळे दगड जोडून घडवलेला पुतळा असावा म्हणतात.

माझे वडील पाथरवट. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावण्यात जन्म गेला त्यांचा. म्हणून तर मला ते ओठ बघायचे होते. जास्परपुढे तांब्या-काशाची छिन्नी काय टिकणार? वाळूने घासत, घासतच बसायचं. आणि तरी ओठांचा कोपरा इतका मऊ, की आत्ता हलेल.

पण काचेवर दिव्याची चकाकी. मी मान वाकडी करकरून बघत होते. तुम्ही काही न बोलता दोन पावलं सरकलात आणि दिव्याच्या आड उभे राहिलात. तुमच्या गडद कोटामुळे काच निवळली. मी बाजू बदलली की तुम्हीही सरकायचात. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत. हे काम काही तुमच्या नोकरीच्या कागदात लिहिलेलं नसणार. अशी माणसं मला एसटी स्टँडवर भेटलीत, रेशनच्या रांगेतही भेटलीत; नाव एकाचंही ठाऊक नाही.

बसपाशी वीस मिनिटं उशिरा पोचले. बोलणी खाल्ली. खाईन आणखी!

वडील असते तर त्यांनी तो दगड आधी नखाने वाजवून बघितला असता. तुम्ही हात लावू दिला नसतात, ते वेगळं.

तुमची,
गुडघ्याला पट्टावाली काकू