वार बंद झाले, गरज संपलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय जीवनातून जुनी मूल्ये हद्दपार झाली, असा सूर हल्ली व्याख्यानांतून आणि वाचकांच्या पत्रांतून वारंवार ऐकू येतो व दोष सरसकट तरुणांच्या माथी मारला जातो, म्हणून हे पत्र.

साठच्या दशकात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात गुरुवार एका विद्यार्थ्याचा असे. कोकणातून आलेला तो मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जेवायचा, भात दुसऱ्यांदा कधी मागायचा नाही आणि आपले ताट नळावर घासून, पालथे घालून जायचा. अशा वारावर, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पाट मांडण्याआधी बहुधा जात पाहिली जाई, हे सांगताना मात्र जीभ अडखळते.

ती प्रथा मोडली याचे म्हणूनच मला दुःख नाही. तिच्या मुळाशी असलेले कर्तव्य १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी अधिक निकोप रूपात पुढे नेले. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली, त्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिले आणि ‘कमवा व शिका’मुळे शिकणाऱ्याला उपकाराचे ओझे उरले नाही. पुण्यातही विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून परगावच्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करत आली आहे.

आज याच पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतात, एक डबा दोघांत पुरवतात. आमच्या जिन्यात त्यांच्यासाठी पाटी आहे: ‘विद्यार्थ्यांनी चपला वाजवत वर जाऊ नये.’ (शुद्धलेखन निर्दोष आहे, हे पुण्याच्या लौकिकाला साजेसेच.) उद्या तहसीलदार किंवा फौजदार होऊन त्यांनी लोकांशी सौजन्याने वागावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

गेल्या वर्षापासून माझ्या घरी गुरुवार पुन्हा सुरू झाला आहे. दोन मुली येतात, एक परभणीची, एक धडगावची. आम्ही तिघी बरोबरच जेवायला बसतो आणि भात कमी पडला तर कुकर त्याच लावतात. ताटे कोणी घासायची यावरून मात्र पहिल्याच दिवशी वाद झाला. अखेर ताटे त्यांची, पातेली माझी, असे ठरले. इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत, बाकीचे सहा वार अजून रिकामे आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे