चैत्राची फुले घरच्या जुन्या भांड्यांतच शोभतील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वसंत ऋतूतील टेबल सजावटीवर सचित्र मजकूर प्रसिद्ध झाला, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. विषय अगत्याचा होता आणि छायाचित्रेही देखणी होती. परंतु चैत्रातल्या सजावटीसाठी ट्युलिप आणि हायड्रेंजिया आणावेत, ते मुद्दाम रंग खरवडून जुनाट केलेल्या नव्या पत्र्याच्या बादल्यांत मांडावेत आणि फुले उभी राहावीत म्हणून हिरवा फोम वापरावा, हे तिन्ही सल्ले मला पटले नाहीत. गेली अनेक वर्षे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास मी करते आणि ओळखीच्या घरांतही करून देते. त्या अनुभवातून माझे असे ठाम मत झाले आहे की आपल्याकडच्या वसंतातली फुले माळ्यावर पडलेल्या आपल्याच जुन्या भांड्यांत जितकी शोभतात तितकी विकतच्या कोणत्याही पात्रात शोभत नाहीत.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. गुढीपाडव्याला आपण काठीच्या टोकावर तांब्याचा किंवा चांदीचा कलश पालथा घालतो आणि त्याला कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पाने, फुलांची माळ आणि साखरेची गाठी बांधतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, तिच्यापुढे अक्षय्य तृतीयेपर्यंत आरास मांडली जाते, आणि त्या महिनाभरात कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याची फुले घरोघरी येत असतात. म्हणजे धातूचे भांडे, कोवळी पालवी आणि फुले यांचा मेळ आपल्या चैत्रात आधीपासूनच आहे. तो गौरीपुढून उचलून बैठकीच्या किंवा जेवणाच्या टेबलावर आणणे एवढेच काय ते करायचे आहे.

भांडी मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. जुना वाडा पाडून सदनिका होते, स्वयंपाकघर लहान होते, आणि घंगाळ, तपेली, कळशी, सट, परात, चंबू हे सारे वजनावर मोडीत जाते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईच्या काळापासून वसलेल्या कारागिरांनी हातोड्याचे ठोके देत घडवलेले मठारकाम पाहिले म्हणजे, त्याचा भाव केवळ धातूच्या किलोवर ठरावा, याचे वाईट वाटते. शिवाय अशा पुष्कळ भांड्यांवर नावे घातलेली असतात. लग्नात किंवा मुंजीत कोणी, कोणाला, कोणत्या साली ते दिले, हे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते. मी रचना करते तेव्हा नावाची ती बाजू पाहुण्यांकडे वळवून ठेवते, आणि फुलांइतकेच बोलणे त्या नावाविषयी होते. मोडीत गेलेल्या भांड्याबरोबर घराची ही नोंदही वितळून जाते.

भांडे निवडताना थोडा विचार करावा. घंगाळ उथळ आणि रुंद तोंडाचे असते, त्यामुळे लांब टेबलावर ते उत्तम दिसते. गडू किंवा चंबू यांचे तोंड निमुळते असल्याने चार-पाच काड्या त्यांत कोणत्याही आधाराशिवाय उभ्या राहतात. लोणच्याची चिनीमातीची बरणी जड असते, कलंडत नाही, आणि गुलछडीच्या उंच काड्यांना तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. पानाचा पितळी डबा उघडा ठेवून त्याच्या वाट्यांत मोगऱ्याच्या कळ्या घातल्या तर लहान टेबलाला तेवढेच पुरते. पूजेतले ताम्हन आणि पळी-पंचपात्र मात्र या कामासाठी घेऊ नये असे मला वाटते, कारण त्या वस्तूंचे घरातले स्थान वेगळे आहे.

जुने भांडे माळ्यावरून काढल्यावर ते गळते का, हे आधी पाहावे. पाणी भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवले की सकाळी कागद सांगतो. धातू वितळवून झाळलेला सांधा सुटला असेल तर कारागीर तो पुन्हा झाळून देतो. फुलांसाठी कल्हईची गरज नाही. कथलाचा तो थर, खाण्याचे आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून असतो. चिंच आणि मीठ लावून भांडे घासावे, नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन कोरडे करावे. आरशासारखा लखलखाट मात्र मला नको वाटतो. ठोक्यांच्या खळग्यांत थोडा काळसरपणा राहिला तर फुलांचा रंग त्यावर अधिक उठून दिसतो. फुले ताजी राहावीत म्हणून आपण पाण्यात साखर आणि लिंबाचे थेंब घालतो, आणि ते आंबट पाणी तांब्या-पितळेला लागून डाग पडतात. म्हणून पाणी थेट भांड्यात न भरता आत काचेचा पेला, स्टीलचा डबा किंवा श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवावा आणि काठावर पालवी आणून तो झाकावा. यामुळे गळक्या भांड्याचाही प्रश्न सुटतो आणि वारशाची वस्तू खराब होत नाही.

आता फोमविषयी. फूलविक्रेत्यांकडे ‘ओॲसिस’ म्हणून मिळणारी ही हिरवी वीट अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या व्हर्नन स्मिथर्स यांनी १९५४ साली आणली. ती फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून केलेल्या प्लास्टिकची असते. पाणी भरपूर धरते आणि काडी हव्या त्या कोनात रोवता येते, म्हणून ती जगभर लोकप्रिय झाली. पण ती मातीत कुजत नाही. बोटांनी दाबली की तिचा भुगा होतो, तो भुगा पाण्याबरोबर मोरीत आणि मोरीतून नदीत जातो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांना गोड्या व खाऱ्या पाण्यातले लहान जीव हे कण गिळतात असे आढळले, आणि त्यातून पाण्यात उतरणारी द्रव्ये जलचरांना घातक असल्याचेही त्यांनी दाखवले. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांतून, म्हणजे चेल्सीच्या जगप्रसिद्ध पुष्पप्रदर्शनातूनही, २०२१ पासून हा फोम हद्दपार केला. ज्या विलायती सजावटीचे अनुकरण आपल्या पुरवणीत सुचवले होते, त्या विलायतेतल्याच मान्यवर संस्थेने नाकारलेली वस्तू आपण आता उत्साहाने घरात आणावी, हे खेदजनक आहे. निर्माल्य नदीत टाकू नये म्हणून आपण कलश ठेवतो, जनजागृती करतो. त्याच घरातून फोमचा भुगा मोरीवाटे नदीला मिळत असेल तर त्या जागृतीला अर्थ उरत नाही.

फोमशिवाय फुले उभी राहत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. ब्रिटनमधील कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) यांनी रस्सा वाढण्याची भांडी आणि स्वयंपाकघरातल्या अशाच साध्या वस्तूंत फुले मांडून तेथील अभिरुची बदलली. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी पुष्परचना करण्याचे कामही त्यांच्याकडे होते. फुलांना आधार म्हणून त्या चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी तारेची जाळी वापरत. ही जाळी आपल्याकडे हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते. वीतभर तुकडा सैलसर चुरगाळून आतल्या डब्यात बसवावा, तीन-चार पदर एकावर एक येतात आणि प्रत्येक काडीला दोन-तीन ठिकाणी पकड मिळते. धुऊन वाळवली की जाळी वर्षानुवर्षे चालते. जपानी इकेबानात खिळ्यांची जड चकती वापरतात, ती परातीसारख्या उथळ भांड्यासाठी फार उपयोगी आहे. यातले काहीच हाताशी नसेल तर करंजाच्या किंवा मेंदीच्या बारीक डहाळ्या भांड्यात गच्च भराव्यात, त्यांच्या गुंत्यात फुले व्यवस्थित उभी राहतात. मला स्वतःला हाच उपाय सर्वांत आवडतो, कारण सजावट उतरवल्यावर सारे काही खताच्या खड्ड्यात जाते.

फुलांच्या निवडीत आपला चैत्र किती समृद्ध आहे, हे पुरवणीतल्या मजकुरात कोठेच आले नव्हते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी काही आठवडे कडक थंडी लागते. आपल्या उन्हाळ्यात ते फूल टेबलावर फार टिकत नाही. याउलट मोगरा याच दिवसांत भरात येतो. त्याची कळी सकाळी खुडली की संध्याकाळी उमलते, त्यामुळे हळदीकुंकवाच्या वेळेला ती अचूक साधते. वसईच्या वाड्यांतला सोनचाफा बाजारात येतो. त्याचे देठ आखूड असल्याने तो जाळीत खोचता येत नाही, पण काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यात बुडवून ठेवण्याची पूर्वापार पद्धत आहे, आणि पितळी परातीच्या मध्यभागी तशी एक बाटली ठेवली तर नजर तिथेच थांबते. करंजाची पोपटी पालवी, कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहर आणि घोसात लटकणाऱ्या बाळकैऱ्या यांचा हिरवा रंग विकतच्या कोणत्याही पानांना येणार नाही. महिनाअखेरीस बहावा फुलू लागतो. केरळात विषू या नववर्षाच्या सणाला पहाटे प्रथम पाहायची मांडणी, म्हणजे कणी, करतात; तिच्यासाठी हीच पिवळी फुले आणि काशाची उरुळी, म्हणजे रुंद उथळ भांडे, लागते. आता उरुळीत पाणी भरून फुले तरंगवण्याची रीत आपल्याकडच्या हॉटेलांनीही उचलली आहे. तेच काम आपले घंगाळ तितक्याच डौलाने करते, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे एक विनंती करणे आवश्यक वाटते. पळस, पांगारा आणि सावर यांच्या फांद्या टेकडीवरून तोडून आणू नयेत. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मैना, बुलबुल आणि शिंजीर त्या फुलांतल्या मधावर जगतात. सावरीची फुले अखंडच गळून खाली पडतात आणि सकाळी वेचली तर दिवसभर पाण्यावर तजेलदार राहतात. फांदी तोडण्याची गरजच पडत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष रचना करून पाहायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते. फुले सकाळी लवकर आणावीत, देठ धारदार सुरीने तिरपे कापावेत आणि दोन तास खोल पाण्यात सावलीत ठेवावेत. पाण्याखाली येणारी सर्व पाने काढावीत, कारण ती कुजली की पाण्यात जिवाणू वाढतात, देठांच्या नळ्या बुजतात आणि फुले माना टाकतात. घंगाळात डबा आणि जाळी बसवल्यावर आधी पालवी लावावी. ती काठाबाहेर थोडी झुकू द्यावी, पण कड्या झाकू नयेत, कारण भांड्याची शोभा कड्यांतच असते. नंतर गुलछडीच्या काड्या वेगवेगळ्या उंचीवर कापून मध्याकडे लावाव्यात. गुलछडी खालून वर उमलत जाते, म्हणून खालची कोमेजलेली फुले रोज खुडली की काडी टवटवीत दिसत राहते. मधल्या जागेत गलांडा किंवा ॲस्टर भरावा आणि सर्वांत शेवटी, पाहुणे येण्याच्या तासभर आधी, काठावर मोगऱ्याच्या कळ्या पसराव्यात. जेवणाच्या टेबलावरची रचना बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेखाली राहिली पाहिजे, साधारण फूटभर उंची पुरते. तीव्र वासाची फुले ताटाजवळ नसावीत, कारण मोगरा आणि वरण-भाताचा वास एकत्र झाला की दोन्हींची गोडी जाते. अशा वेळी मोगरा आणि गुलछडी बैठकीत ठेवावी आणि जेवणाच्या टेबलावर गलांडा, जर्बेरा आणि पालवी इतकेच असू द्यावे. जर्बेराचा देठ पोकळ आणि मऊ असतो, त्याला पाणी कमीच ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात फार महत्त्वाची आहे. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर मिटतात किंवा गळतात. कार्नेशनला तर तो मुळीच सहन होत नाही. फळांची टोपली आणि फुलांचे भांडे शेजारी मांडण्याची हौस छायाचित्रापुरती ठीक आहे, एरवी फुलांची जागा आढीपासून लांबच असावी.

हा प्रश्न केवळ घरच्या हौसेचाही नाही. आपले दैनिक मार्केट यार्डातील फुलांचे भाव नियमितपणे छापते. झेंडू, सुटी गुलछडी, मोगरा, ॲस्टर, गुलछडीची काडी, जर्बेरा ही सारी नावे त्यात असतात. प्लास्टिकच्या फुलांमुळे बाजार बसतो अशी या राज्यातल्या फूल उत्पादकांची तक्रार आहे आणि त्यांनी त्या फुलांवर बंदीची मागणीही लावून धरली आहे. बाजारभावाच्या पानावर ज्यांच्या मालाचा भाव छापला जातो त्यांची फुले सजावटीच्या पानावर कोठेच दिसू नयेत, ही विसंगती आपण दूर करावी. पुरवणीत सजावटीविषयी मजकूर देताना त्या आठवड्यात बाजारात मुबलक असलेली फुले सुचवावीत, फोमची छायाचित्रे देऊ नयेत, आणि आपल्या वितरण क्षेत्रात अजून काम करणारे तांबट व कल्हईवाले कोठे भेटतील याची माहिती त्यांच्या संमतीने प्रसिद्ध करावी. मोडीचा तराजू दारात येण्यापूर्वी ती माहिती घराघरांत पोहोचली तर निदान काही भांडी वाचतील. अक्षय्य तृतीयेला अजून अवधी आहे, तेव्हा या महिन्याच्या पुरवणीतच त्याची सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे